उपयोजित गणित की संख्याशास्त्र? आधी दुसऱ्या वर्षाचे पेपर वाचा

पदवीच्या शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प अरुंद नळीतून वाहणाऱ्या दाट तेलावर होता. समीकरणं मांडली, संगणकावर सोडवली, वीस-बावीस आलेख काढले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तेलाच्या दाटपणाच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हा आकडा कुणीतरी मोजलेला असणार ना? मोजताना त्यात किती चूक राहिली असेल? आणि ती तुझ्या या आलेखात किती उतरते?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं उपयोजित गणित शिकले होते, पण मोजमापातल्या चुकीचा विचार कसा करायचा हे माझ्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं. तेच शिकवणारा विषय शेजारच्या वर्गात चालू होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पुढचं शिक्षण मी संख्याशास्त्रात घेतलं. आता एकोणीस वर्षं दोन्ही विषयांचे वर्ग घेते आहे. प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थी येतात आणि विचारतात, उपयोजित गणित घेऊ, संख्याशास्त्र घेऊ की डेटा सायन्स? मी उलट विचारते, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला कोणते पेपर आहेत ते वाचलंत का? बहुतेकांनी वाचलेलं नसतं. पदवीचं नाव, कॉलेजचं नाव आणि पुढे कोणती नोकरी मिळते एवढंच पाहिलेलं असतं. म्हणून हा सगळा पसारा एकदा नीट लिहून काढते आहे.

यादी कशी वाचायची

ज्या पदवीचा विचार करताय, तिच्या सगळ्या वर्षांच्या पेपरांची यादी मिळवा. माहितीपत्रकातली चार ओळींची ओळख चालणार नाही. प्रत्येक पेपरचे घटक आणि क्रेडिट दिलेला पूर्ण अभ्यासक्रम हवा. पहिलं वर्ष तूर्त बाजूला ठेवा, कारण ते जवळपास सगळीकडे सारखंच असतं : कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा (मॅट्रिक्स आणि सदिशांचं गणित), संभाव्यतेची तोंडओळख, थोडं प्रोग्रॅमिंग. खरा फरक दुसऱ्या वर्षापासून पडतो.

एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात सिद्धता, दुसऱ्यात संगणकावरची आकडेमोड, तिसऱ्यात प्रत्यक्ष माहिती म्हणजे डेटा, चौथ्यात एखादं उपयोगाचं क्षेत्र : विमा, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, द्रवांची गती, काहीही. आता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा एकेक पेपर घ्या आणि तो मुख्यतः कुठे बसतो ते पाहून क्रेडिटसकट त्या रकान्यात लिहा. तासाभराचं काम आहे. एकाच नावाच्या दोन पदव्यांचे कागद शेजारी ठेवलेत की कित्येकदा ते दोन वेगळे विषय असल्यासारखे दिसतात. एका ठिकाणच्या 'उपयोजित गणिता'त निम्मा वेळ यांत्रिकी आणि द्रवगतीला दिलेला असतो, तर दुसरीकडे त्याच नावाखाली ऑप्टिमायझेशन, म्हणजे दिलेल्या अटींत सर्वोत्तम पर्याय शोधण्याचं गणित, आणि वित्तगणित असतं.

नावांचा गोंधळ किती असू शकतो हे बघायचं तर काही जुन्या, नावाजलेल्या संस्था पाहा. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात गणिताची स्वतंत्र विद्याशाखाच आहे, आणि तिच्यात उपयोजित गणित, शुद्ध गणित, संख्याशास्त्र व विमाशास्त्र, कॉम्बिनेटॉरिक्स (मोजणी आणि रचनांचं गणित) व ऑप्टिमायझेशन असे वेगवेगळे विभाग आहेत. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात गणित, ऑपरेशनल रिसर्च (नियोजनाचं गणित), संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र या चौघांची मिळून एकच पदवी आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेची, म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या आयएसआयची, 'बी.स्टॅट.' ही पदवी नावाने संख्याशास्त्राची असली तरी तिच्यात गणिताचा पाया इतका भक्कम असतो की प्रवेश परीक्षेतच सविस्तर उत्तरं लिहायचा स्वतंत्र भाग असतो. तिथे तुमचं उत्तर बरोबर आहे की नाही यापेक्षा युक्तिवाद कसा मांडलात ते जास्त पाहतात.

देशोदेशीची रचनाही या वाचनात धरायला हवी. इंग्लंडमध्ये पदवी सहसा तीन वर्षांची असते आणि अर्ज करतानाच विषय ठरवावा लागतो. अमेरिकेत चार वर्षं असतात आणि मुख्य विषय बऱ्याचदा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर केला तरी चालतं. दारातच निवड करावी लागणार असेल तर हा कागद अर्ज भरण्याआधी करा. नंतर निवडायची मुभा असेल तर पहिल्या दोन वर्षांत कोणते पेपर घेतले म्हणजे दोन्ही वाटा उघड्या राहतील, हे या कागदावरून ठरवा.

काही खुणा मी ताबडतोब तपासते. संख्याशास्त्राच्या पदवीत लिनिअर अल्जेब्राचा स्वतंत्र पेपर नसेल तर पुढे रिग्रेशन, म्हणजे एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याची रीत, नुसती पाठ करावी लागणार. उपयोजित गणितात न्यूमरिकल ॲनालिसिसला, म्हणजे आकडेमोडीने जवळची उत्तरं काढण्याच्या विषयाला, प्रात्यक्षिकाचे तास नसतील तर ते कागदावरच राहणार. आणि पेपरच्या नावातच एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव असेल, तेही तीन-चार पेपरांत, तर मी ती पदवी बाजूला ठेवायला सांगते. सॉफ्टवेअर बदलत राहतं, आणि पदवीची वर्षं ज्या गोष्टी नंतर एकट्याने शिकणं जड जातं त्यांवर खर्च व्हायला हवीत.

उपयोजित गणितात दिवस कसा जातो

बाहेरून वाटतं की समीकरणं सोडवायची असतात. आत गेल्यावर कळतं की बहुतेक समीकरणं सुटत नाहीत. त्यांची जवळची उत्तरं काढायची असतात, आणि ती किती जवळची आहेत हे सांगता यायला हवं असतं.

एक प्रयोग आत्ताच करून बघा, कागद-पेन्सिल पुरे. एक राशी आहे, सुरुवातीची किंमत १. तिचा बदलाचा वेग दर क्षणी तिच्या किमतीच्या उणे ५० पट आहे. म्हणजे ती झपाट्याने शून्याकडे जायला हवी. आता सोपी पद्धत वापरा : वेळेचं एक छोटं पाऊल घ्या, वेगाला त्या पावलाने गुणा, आधीच्या किमतीत मिळवा. पाऊल ०.०१ घेतलंत तर किमती येतील १, ०.५, ०.२५, ०.१२५. छान, शून्याकडे चालल्या. पाऊल ०.०५ घ्या. आता येतील १, उणे १.५, २.२५, उणे ३.३७५. समीकरण तेच आहे, बेरीज-गुणाकारात कुठेही चूक नाही, आणि उत्तर शून्याकडे जायचं सोडून दर पावलाला चिन्ह बदलत फुगत जातंय. असं का झालं, पाऊल किती लहान असलं तर होणार नाही, आणि मोठं पाऊल घेऊनही शाबूत राहील अशी पद्धत रचता येईल का? हे वाचताना हात पेन्सिलीकडे गेला असेल तर उपयोजित गणित तुमच्या जवळचं आहे.

हा खेळ नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत होतं. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत कधीच संपत नाही, त्यामुळे २४ बिटांत ती कापून ठेवलेली होती. प्रत्येक टिकटिकीला राहणारी चूक नगण्य, पण यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती आणि चूक साठत साठत सुमारे ०.३४ सेकंदांवर गेली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. न्यूमरिकल ॲनालिसिसच्या पेपरात 'राउंडिंग एरर' हा घटक दोन-तीन तासांत उरकतात. मला तो कधीच घाईत शिकवता आलेला नाही.

हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांचा अनुभव याच कुळातला, फक्त त्यातून 'केऑस थिअरी' हे नवं शास्त्र निघालं. आधी चालवलेलं गणित पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा घातला, आणि थोड्याच वेळात हवामानाचं चित्र पार वेगळं झालं. त्यावरचा त्यांचा निबंध १९६३ चा. डायनॅमिकल सिस्टिम्सचा, म्हणजे काळानुसार बदलत जाणाऱ्या प्रणालींचा पेपर ज्या पदवीत आहे तिथे हे सविस्तर येतं. नसेल तर तो ऐच्छिक म्हणून तरी मिळतो का ते पाहा.

रोगाच्या साथीचं गणित हाही याच विषयाचा एक ठळक तुकडा. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ मध्ये लोकसंख्येचे तीन गट केले : लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले. तीन छोटी समीकरणं, पण साथ केव्हा भडकते आणि सगळ्यांना लागण होण्याआधीच का ओसरते, हे दोन्ही त्यांतून दिसतं. त्या समीकरणांत दोन आकडे बाहेरून घालावे लागतात : लागण पसरण्याचा दर आणि बरं होण्याचा दर. ते आणायचे कुठून, या प्रश्नापाशी मी पुन्हा त्या तोंडी परीक्षेच्या खोलीत जाऊन पोचते.

संख्याशास्त्रात दिवस कसा जातो

शाळेत संख्याशास्त्र म्हणून जे शिकवतात, सरासरी, मध्यक, स्तंभालेख, त्यावरून या विषयाचा अंदाज करू नका. विषयाचा गाभा आहे : हाती थोडीच माहिती आहे, तीही डागाळलेली, तरीही काय म्हणता येईल आणि किती खात्रीने?

रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रॉथमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात दाखल झाले. तिथे एका बाईंनी सांगितलं की कपात दूध आधी ओतलं की चहा आधी हे चवीवरून ओळखता येतं. फिशर यांनी हे हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी प्रयोग आखला : आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. आठांतून चार निवडायच्या ७० रीती आहेत, म्हणून निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. सहाच कप असते, तीन-तीनचे, तर ती विसात एक झाली असती. म्हणजे किती खात्री मिळणार हे पहिला कप उचलण्याआधीच ठरलेलं असतं. माहिती हाती आल्यावर तिच्यातून अर्थ पिळून काढण्याआधी ती कशी गोळा करायची हे शिकवणारा 'डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स' हा पेपर आणि त्याचा जोडीदार 'सॅम्पल सर्व्हे' (थोडा नमुना निवडून पाहणी करण्याचा पेपर), हे दोन्ही ज्या पदवीत आहेत ती पदवी संख्याशास्त्राची. डेटा सायन्सच्या अनेक नव्या पदव्यांतून हेच दोन पेपर गळालेले दिसतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

का वाईट वाटतं, ते सांगते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी फुटलं, सातही अंतराळवीर गेले. आदल्या रात्री अभियंत्यांची बैठक झाली होती. थंडीत यानाच्या जोडरॉकेटांचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग नीट काम करतील का, असा प्रश्न होता. सकाळचं तापमान गोठणबिंदूच्या आसपास राहणार होतं, आणि तोवरचं सगळ्यात थंड उड्डाण सुमारे १२ अंश सेल्सिअसचं होतं. बैठकीत ज्या उड्डाणांत रिंगांना इजा झाली होती त्यांच्याकडे पाहिलं गेलं. अशी सात उड्डाणं, थंड दिवसांतलीही आणि उबदार दिवसांतलीही. त्यांच्यात तापमानाचा संबंध उठून दिसत नव्हता. पण रॉकेटं परत मिळवून तपासता आली होती अशी एकूण २३ उड्डाणं होती. इजा न झालेली १६ त्या चित्रात आणली की ते पालटतं : सुमारे १८ अंशांखालच्या चारही उड्डाणांत इजा, आणि त्यावरच्या १९ पैकी फक्त तिघांत. वर्गात मी आधी सातच ठिपके फळ्यावर काढते, मग उरलेले सोळा. सोळावा ठिपका पडेपर्यंत वर्गात कुणी बोलत नाही. 'काही झालं नाही' ही नोंदसुद्धा माहिती असते, हे त्या दिवशी जे शिकतात ते विसरत नाहीत.

या विषयात गणित कमी लागतं, असा एक समज आहे. तो मनातून काढून टाका. सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, दाखवून दिलं की दिलेल्या माहितीतून एखाद्या अज्ञात राशीचा अंदाज कितीही हुशारीने बांधला तरी त्याच्या अचूकतेला एक मर्यादा असते, आणि ती मर्यादा काढता येते. पदवीच्या तिसऱ्या वर्षी ही सिद्धता शिकवतात. लांबीला पानभराहून कमी, पण समजायला कॅल्क्युलस आणि संभाव्यता दोन्ही हाताखाली घट्ट असावी लागतात.

मधल्या वाटा

ऑपरेशन्स रिसर्च : मर्यादित साधनांत उत्तम योजना कशी करायची याचं गणित. जॉर्ज डँटझिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत हा त्याचा पाया. स्वतंत्र पदवी क्वचित लागते, दोन-तीन पेपर पुरतात.

ॲक्च्युरियल सायन्स, म्हणजे विम्याचं गणित. एडमंड हॅली, धूमकेतूवाले तेच, यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाव शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून आयुर्मानाचं कोष्टक केलं आणि त्यावरून आयुष्यभर मिळणाऱ्या उत्पन्नाची वाजवी किंमत काढली. ॲक्च्युअरी होण्यासाठी पदवीपेक्षा व्यावसायिक संस्थेच्या परीक्षा महत्त्वाच्या, आणि त्या पुऱ्या व्हायला पदवीनंतरही काही वर्षं जातात. काही विद्यापीठांच्या ठरावीक पेपरांत चांगले गुण मिळाले तर त्यांतल्या सुरुवातीच्या परीक्षांतून सूट मिळते. प्रवेशाआधी ही सूट कोणत्या पेपरांना आणि किती गुणांवर आहे ते लेखी विचारा. माझं मत असं की या वाटेला गणित किंवा संख्याशास्त्राची पदवी घेऊनही जाता येतं, आणि मन बदललं तर परतीचा रस्ता राहतो.

डेटा सायन्सबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. चार रकान्यांचा कागद इथे सगळ्यात उपयोगी पडतो. ज्या पदवीत संभाव्यतेची दोन सत्रं, अनुमानशास्त्र (नमुन्यावरून निष्कर्ष काढण्याचं शास्त्र), लिनिअर अल्जेब्रा, ऑप्टिमायझेशन आणि प्रोग्रॅमिंग आहे ती चांगली पदवी आहे, तिला काहीही नाव असो. ज्यात संभाव्यता एका सत्रात उरकली आहे आणि बाकी साधनांची ओळख आहे, तिथे माझा सल्ला थांबण्याचा.

या कुंपणांची उंची किती ते जॉन ट्युकी यांच्याकडे पाहून कळतं. डॉक्टरेट टोपॉलॉजीतली, म्हणजे अगदी शुद्ध गणितातली. कूली यांच्यासोबत १९६५ मध्ये त्यांनी दिलेली वेगवान फूरिये रूपांतराची, म्हणजे लहरीतल्या वारंवारता सुट्या करण्याची पद्धत आज ध्वनी आणि चित्रांवर प्रक्रिया करताना सगळीकडे वापरली जाते, आणि उपयोजित गणिताचे विद्यार्थी ती शिकतात. संख्याशास्त्राचे विद्यार्थी पहिल्या वर्षी आकड्यांचा पसारा चौकटीत दाखवणारा जो बॉक्स प्लॉट काढतात तोही त्यांनीच रूढ केला.

तीन शनिवार-रविवार

कागद झाला, आता स्वतःला तपासा. अर्ज भरण्याआधी तीन शनिवार-रविवार काढा.

पहिल्या आठवड्यात भांडंभर कडकडीत पाणी, एक थर्मामीटर आणि घड्याळ घ्या. दर दोन मिनिटांनी तापमान लिहा, तासभर. न्यूटनचा नियम सांगतो की निवण्याचा वेग हा पाणी आणि खोली यांच्या तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात असतो. त्यावरून वक्र काढा आणि तुमच्या नोंदींशी ताडून पाहा. भांडं उघडं असेल तर सुरुवातीला पाणी नियमापेक्षा भरभर निवेल, कारण वाफ उष्णता घेऊन जाते. मागे दोन विद्यार्थ्यांनी हा प्रयोग मिळून केला. एकजण त्या सुरुवातीच्या फरकापाशीच अडकला. त्याने झाकण ठेवून प्रयोग पुन्हा केला, मग वाफेसाठी समीकरणात एक पद वाढवलं. दुसरीला वेगळीच शंका होती : आपण दोघांनी एकाच क्षणी थर्मामीटर वाचला तर आकडे का जुळत नाहीत? तिने वीस वेळा दोघांची वाचनं घेतली आणि फरकांचा आलेख काढला. नोंदवही एकच होती. तो उपयोजित गणिताला गेला, ती संख्याशास्त्राला. दोघांनाही मला काही सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात २, ३, ३, ४, ३८ हे पाच आकडे घ्या. सरासरी १०, मध्यक ३. आता एक संख्या अशी शोधा की तिच्यापासून पाचही आकड्यांच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी येईल. मग दुसरी शोधा, जिच्यासाठी नुसत्या अंतरांची बेरीज सगळ्यात कमी येईल. पहिली सरासरीच निघते, दुसरी मध्यक. हे कोणत्याही आकड्यांसाठी खरं आहे हे सिद्ध करा. पहिलं कॅल्क्युलसने चार ओळींत होतं. दुसऱ्याला कॅल्क्युलस सरळ लागू पडत नाही, थोडं थांबून विचार करावा लागतो. तो थांबण्याचा वेळ तुम्हाला जाचला की गोडी लागली, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवा.

तिसरा आठवडा संगणकाचा. पायथन किंवा आर, दोन्ही मोफत मिळतात. आर ही भाषा रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या ऑकलंड विद्यापीठातल्या दोघांनी संख्याशास्त्रासाठीच घडवली. उणे ९० ते अधिक ९० अंशांमधला एक कोन यदृच्छेने निवडा, त्याचा टॅन काढा. असं दहा हजार वेळा करा आणि प्रत्येक टप्प्यावर तोवरची सरासरी मांडत जा. तुम्हाला वाटेल की ती हळूहळू शून्यापाशी स्थिरावेल. ती स्थिरावत नाही. मधूनच एक प्रचंड आकडा येतो आणि सगळी सरासरी उचलून नेतो. दहा लाख वेळा केलंत तरी तेच. याला कॉशी वितरण म्हणतात, आणि त्यातल्या कितीही आकड्यांची सरासरी घेतली तरी ती एकट्या आकड्याइतकीच बेभरवशाची राहते. प्रमेयाच्या आधी ज्या अटी लिहिलेल्या असतात, 'सरासरी अस्तित्वात असेल तर', त्या का असतात हे इथे डोळ्यांना दिसतं. रिअल ॲनालिसिसचा, म्हणजे कॅल्क्युलसमागच्या सिद्धतांचा निदान एक पेपर, सक्तीचा नसला तरी, घ्या असं मी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सांगते ते याचसाठी.

अजूनही ठरत नसेल तर

हरकत नाही, पण मग पेपर हुशारीने निवडा. पहिल्या दोन वर्षांत हे सोडू नका : लिनिअर अल्जेब्राचं दुसरं सत्र, कॅल्क्युलसवर आधारलेली संभाव्यता, प्रोग्रॅमिंग आणि ॲनालिसिस. एवढं असलं की पदव्युत्तर शिक्षणाला दोन्ही बाजूंची दारं उघडी राहतात. उपयोजित गणित घेतलंत तर ऐच्छिकांत अनुमानशास्त्र आणि रिग्रेशन घाला. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. संख्याशास्त्र घेतलंत तर न्यूमरिकल ॲनालिसिस आणि ऑप्टिमायझेशन घाला, कारण आजचं संख्याशास्त्र बहुतांशी संगणकावर जवळची उत्तरं काढण्यावर चालतं.

शेवटची पायरी म्हणजे विभागात जाणं, किंवा ते शक्य नसेल तर लिहून विचारणं. सगळ्यात आधी मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागा. अभ्यासक्रमापेक्षा त्या जास्त खरं बोलतात. अनुमानशास्त्राच्या पेपरात सगळे प्रश्न 'व्याख्या द्या' आणि 'गुणधर्म लिहा' असे असतील तर वर्गातही तेच चालत असणार. आकडे देऊन 'यावरून काय म्हणता येईल, आणि काय म्हणता येणार नाही' असं विचारलं असेल तर तो विभाग मला आवडेल. मग विचारा की तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प सगळ्यांना असतो का, त्याला मार्गदर्शक कोण मिळतो, आणि गेल्या वर्षीचे दोन प्रकल्प वाचायला मिळतील का. ऐच्छिक म्हणून छापलेले पेपर खरोखर दरवर्षी शिकवले जातात का, हेही विचारा. यादीत दहा आणि प्रत्यक्षात दोन, असं पुष्कळदा असतं. विभाग बदलायचा झाला तर कोणत्या सत्रापर्यंत बदलता येतो, आणि बदलल्यावर कोणते पेपर पुन्हा द्यावे लागतात?

शेवटच्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून त्याच्या प्रकल्पातला एक आकडा दाखवायला सांगा. तो कुठून आला आणि त्यात किती चूक असेल, एवढंच त्याला विचारा आणि ऐकत राहा.